डेटाबेस सर्व्हरची डिस्क वाढवताना : पहिल्यांदाच हे काम करणाऱ्यांसाठी

अंधेरी पूर्वेला आमच्या कंपनीचे कार्यालय आहे. वाहनांच्या सुट्या भागांची घाऊक विक्री हा आमचा व्यवसाय असून साठा, चलाने, उधारी, परतावे असे सगळे पोस्टग्रेस या डेटाबेसच्या एका सर्व्हरवर चालते. तो सर्व्हर नवी मुंबईत महापे येथील एका डेटा सेंटरमध्ये आहे. काही वर्षांपूर्वी एका सोमवारी सकाळी गोदामातून फोन आला की चलान निघत नाही. लॉग उघडला, तर शेवटच्या ओळीत ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ असे लिहिलेले होते आणि डेटाबेस बंद पडलेला होता. त्या दिवशी मी घाईघाईने दोनशे जीबी जागा वाढवून घेतली. तीन आठवड्यांत तीही भरली, कारण जागा कोण खात आहे हे मी पाहिलेच नव्हते.

त्यानंतर हे काम मी अनेकदा केले आहे. प्रत्यक्ष कमांड द्यायला दहा मिनिटेही लागत नाहीत. चुका होतात त्या त्याआधी आणि त्यानंतर. म्हणून या लेखात कमांडपेक्षा क्रमावर अधिक भर दिला आहे. विवेचन लिनक्स आणि पोस्टग्रेस यांना धरून आहे. मायसीक्वेल या दुसऱ्या डेटाबेसबाबत जेथे वेगळी काळजी घ्यावी लागते तेथे तसे सांगितले आहे.

१. जागा कोण खात आहे, ते आधी शोधा

‘डीएफ’ ही कमांड देऊन कोणता माउंट (डिरेक्टरीला जोडलेली डिस्क) किती भरला आहे ते पाहा. त्याच कमांडला ‘आय’ हा पर्याय देऊन आयनोडही (प्रत्येक फाइलमागे लागणाऱ्या नोंदी) तपासा, कारण लाखो बारीक फाइल्स साठल्या की जागा शिल्लक असूनही नवी फाइल तयार होत नाही. मग ‘डीयू’ने एकेका डिरेक्टरीचा आकार काढा. ‘डीएफ’ आणि ‘डीयू’ यांच्या आकड्यांत मोठी तफावत दिसली, तर कोणीतरी मोठी फाइल पुसलेली असते, पण एखादी चालू प्रक्रिया ती अजून उघडी धरून बसलेली असते. ‘एलएसओएफ’ या कमांडने ती प्रक्रिया सापडते, आणि ती नीट बंद करून पुन्हा सुरू केली की जागा मोकळी होते.

डेटाबेसच्या आत पाहताना टेबल आणि इंडेक्स यांच्या आधी वॉल फाइल्सची (प्रत्येक बदल आधी ज्यांत लिहिला जातो त्या फाइल्सची) डिरेक्टरी, म्हणजे ‘पीजी_वॉल’, तपासावी असा माझा आग्रह आहे. आम्ही एकदा चाचणीसाठी स्टँडबाय, म्हणजे मुख्य सर्व्हरची चालू प्रत ठेवणारा, सर्व्हर उभा केला होता. काम झाल्यावर तो काढून टाकला, पण त्याच्या नावाचा रेप्लिकेशन स्लॉट मुख्य सर्व्हरवर तसाच राहिला. स्लॉट असेपर्यंत मुख्य सर्व्हर असे धरून चालतो की पलीकडचा कधीतरी परत येईल, आणि त्याच्यासाठी वॉलची एकेक फाइल राखून ठेवतो. आमच्याकडे अशा १४० जीबी फाइल्स साठल्या होत्या. ‘पीजी_रेप्लिकेशन_स्लॉट्स’ या व्ह्यूमध्ये निष्क्रिय स्लॉट लगेच दिसतात. जो सर्व्हर खरोखरच परत येणार नाही, त्याचा स्लॉट ‘पीजी_ड्रॉप_रेप्लिकेशन_स्लॉट’ला नाव देऊन काढून टाकावा. पोस्टग्रेसच्या १३ व्या आवृत्तीपासून ‘मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइज’ ही मर्यादा घालता येते, परंतु ती आपणहून घालावी लागते. न घातल्यास साठ्याला मर्यादा नसते. स्लॉट ठीक असतील, तर वॉलचे आर्काइव्ह (दुसरीकडे प्रत ठेवण्याचे काम) अपयशी होत नाही ना, हे ‘पीजी_स्टॅट_आर्काइव्हर’मध्ये पाहा. आर्काइव्हची जागा भरली की मुख्य सर्व्हरवर वॉल तुंबत जाते.

सावधान : ‘पीजी_वॉल’मधील फाइल्स हाताने कधीही पुसू नका. जुन्या आवृत्त्यांत या डिरेक्टरीचे नाव ‘पीजी_एक्सलॉग’ होते. नावात ‘लॉग’ दिसल्यामुळे लोक ते साधे लॉग समजून पुसून टाकत आणि डेटाबेस गमावून बसत. २०१७ साली आलेल्या १० व्या आवृत्तीत हे नाव बदलण्यामागे ते एक कारण होते. मायसीक्वेलमध्ये बायनरी लॉगबाबत (तेथील बदलांच्या नोंदींबाबत) हीच काळजी घ्यावी. ते ‘पर्ज बायनरी लॉग्ज’ या आज्ञेनेच कमी करावेत. ८.० आवृत्तीत ते मुळात तीस दिवस राहतात, आणि एवढ्या दिवसांची गरज नसेल तर मुदत कमी करता येते.

पुसलेल्या आणि बदललेल्या ओळींची जागा आत अडकून टेबले फुगलेली असतील तर साध्या ‘व्हॅक्यूम’ने आतली जागा पुन्हा वापरता येते, पण बहुतेक वेळा ती ऑपरेटिंग सिस्टमला परत मिळत नाही. ‘व्हॅक्यूम फुल’ ती परत देते. मात्र त्यासाठी टेबलाची नवी प्रत लिहिली जाते आणि तेवढा वेळ टेबल पूर्ण बंद राहते. म्हणजे डिस्क काठोकाठ भरलेली असताना नेमका हाच उपाय हाती उरत नाही.

आणखी एक गोष्ट येथेच सांगते. जागा हवी म्हणून जुने सिस्टम लॉग सरसकट पुसण्याचा मोह होतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार असे लॉग १८० दिवस जपून ठेवावे लागतात. ते दुसरीकडे हलवावेत, पुसू नयेत.

२. किती जागा हवी, याचा हिशेब मांडा

निदान तीन महिने दर रविवारी डेटाबेसचा आकार एका वहीत किंवा शीटमध्ये नोंदवून ठेवला, तर हा हिशेब अंदाजावर करावा लागत नाही. उदाहरणार्थ, आजचा आकार ६२० जीबी असून दरमहा १८ जीबी वाढ होत असेल, तर दीड वर्षात ३२४ जीबीची भर पडून तो ९४४ जीबी होईल. सर्वांत मोठे टेबल त्याच्या इंडेक्ससह ११० जीबीचे असेल, तर कधीतरी ते नव्याने बांधण्यासाठी तेवढी जागा लागेल, म्हणून ती मिळवून १०५४ जीबी. शिवाय वीस टक्के जागा नेहमी मोकळी राहावी, या हिशेबाने १०५४ ला ०.८ ने भागले की साधारण १३२० जीबी हा आकडा येतो. व्यवस्थापनापुढे हा आकडा ठेवताना त्यामागची बेरीजही ठेवावी. ‘दोन टीबी असू द्या’ असे म्हटले की खरेदी विभाग ते निम्म्यावर आणतो, बेरीज दाखवली की आणत नाही.

येथे तीन सापळे आहेत. पहिला एककांचा : विक्रेत्याचा एक टीबी म्हणजे दशमान पद्धतीचे एक हजार जीबी, पण लिनक्स जे द्विमान एकक दाखवते त्यात तो सुमारे ९३१ भरतो. मागणीपत्रात कोणते एकक धरले आहे ते स्पष्ट लिहावे. दुसरा सापळा एमबीआर या जुन्या पार्टिशन (डिस्कचे भाग पाडण्याच्या) पद्धतीचा. ५१२ बाइटचे सेक्टर असतील तर ती दोन टीबीच्या पुढे जाऊ शकत नाही, त्यामुळे त्या मर्यादेच्या जवळ जाणार असाल तर नवी डिस्क जीपीटी पद्धतीने मांडून डेटा हलवण्याची तयारी ठेवा. तिसरा सापळा ‘जास्त झाली तर नंतर कमी करू’ या समजाचा. एक्सएफएस ही फाइल सिस्टम (डिस्कवर फाइल्स मांडण्याची व्यवस्था) व्यवहारात लहान करता येत नाही, ईएक्सटी४ लहान करायची तर ती आधी अनमाउंट करावी लागते, आणि अॅमेझॉनच्या क्लाउडवरील ईबीएस व्हॉल्यूम (तेथील भाड्याची डिस्क) तर वाढवता येतो, घटवता येत नाही.

३. हाताशी काय असावे

कागदपत्रांपैकी पुढील गोष्टी आधीच तयार ठेवा : बदलाची मंजुरी, म्हणजे चेंज रिक्वेस्ट, तिच्यावर वेळ, जबाबदार व्यक्ती आणि परत फिरण्याची योजना यांच्यासह, सध्याच्या मांडणीची छापील प्रत, शेवटच्या यशस्वी रिस्टोअरची नोंद, आणि व्हर्च्युअलायझेशन (एका यंत्रावर अनेक आभासी सर्व्हर चालवण्याची व्यवस्था) किंवा स्टोरेज ज्यांच्या ताब्यात आहे त्यांचा रात्री उचलला जाणारा फोन क्रमांक. डेटा सेंटरमध्ये प्रत्यक्ष जाणार असाल तर आदल्या दिवशी गेटपास मंजूर करून घ्या, मूळ ओळखपत्र बरोबर ठेवा आणि लॅपटॉपचा सीरियल क्रमांक अर्जात लिहिलेला असू द्या. मी एकदा कोपरखैरणे स्थानकावरून रिक्षाने महाप्याला पोहोचले आणि ओळखपत्राची फक्त झेरॉक्स जवळ असल्यामुळे पाऊण तास फाटकावर उभी राहिले. स्वेटरही न्यावा. बाहेर मे महिन्याची काहिली असली तरी आत रॅकसमोर बोटे गारठतात.

मांडणीची छापील प्रत म्हणजे ‘एलएसबीएलके’, ‘पीव्हीएस’, ‘व्हीजीएस’, ‘एलव्हीएस’ आणि ‘डीएफ’ या पाच कमांडचे उत्तर. ते कागदावरच हवे, कारण अडचण आली की ज्या सर्व्हरवर ती फाइल ठेवली आहे तोच बहुधा बंद असतो.

बॅकअपबाबत मात्र कसलीही सवलत घेऊ नका. बॅकअप ‘झाला’ हा हिरवा संदेश पुरेसा नाही. तो दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून, चार मोठ्या टेबलांतील ओळी मोजून पाहिल्यावरच तो बॅकअप म्हणावा. तो त्याच स्टोरेजवर ठेवलेला नाही, हेही तपासा. व्हर्च्युअल मशीनचा स्नॅपशॉट (त्या क्षणीची टिपून ठेवलेली स्थिती) म्हणजे बॅकअप नव्हे, आणि व्हीएमवेअरमध्ये तर तो उलट अडसर ठरतो : मशीनवर स्नॅपशॉट असेल तर डिस्कचा आकार बदलण्याची सोय बंद राहते. कामाआधी सुरक्षिततेसाठी स्नॅपशॉट घ्यायचा आणि मग आकार का वाढत नाही म्हणून तासभर शोधत बसायचे, हे आमच्याकडे खरोखर घडलेले आहे. काही वेळा बॅकअपच्या सॉफ्टवेअरने घेतलेला स्नॅपशॉटही मागे राहून जातो.

४. वेळ ठरवा

चालू डेटाबेसवर डिस्क वाढवता येते, म्हणून ती भर दुपारी वाढवावी असे नाही. जीएसटीच्या विवरणपत्रांमुळे महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आधीचे दोन दिवस आमचा हिशेब विभाग उशिरापर्यंत बसतो, तेव्हा आणि महिनाअखेरीस आम्ही सर्व्हरला हात लावत नाही. पावसाळ्यात हवामान खात्याचा इशारा पाहून दिवस ठरवावा. काम दूरस्थ असले तरी एखादी प्रत्यक्ष गोष्ट अडली आणि लोकल बंद असल्या, तर महाप्याला कोणीही पोहोचू शकत नाही. शनिवारी रात्री दहानंतरची वेळ आम्हाला सोयीची पडते.

स्टँडबाय सर्व्हर असेल तर आधी त्याची डिस्क वाढवा, मुख्य सर्व्हरची नंतर. मुख्य सर्व्हर वाढत राहिला आणि स्टँडबाय भरला, तर रेप्लिकेशन थांबते, स्लॉट वॉल राखू लागतो आणि वर सांगितलेली गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

५. खालून वर जा

शेजारची खोली विकत घेतली म्हणून आपले घर मोठे होत नाही. मधली भिंत पाडावी लागते. डिस्कचे तसेच आहे. स्टोरेजवाल्याने जागा वाढवली तरी ती कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला), पार्टिशनला, फिजिकल व्हॉल्यूमला (एलव्हीएम या डिस्क-व्यवस्थेत घेतलेल्या डिस्कला), लॉजिकल व्हॉल्यूमला (अशा डिस्कच्या गटातून, म्हणजे व्हॉल्यूम ग्रुपमधून, काढून दिलेल्या भागाला) आणि शेवटी फाइल सिस्टमला, याच क्रमाने, एकेकाला वेगळी सांगावी लागते. मधला एक थर राहिला की ‘डीएफ’ जुनाच आकडा दाखवतो. तेव्हा घाबरून काहीतरी नवे करण्याऐवजी ‘एलएसबीएलके’ पाहावे, कारण वाढ कोणत्या थरापर्यंत पोहोचली ते त्यात स्पष्ट दिसते.

अ) डिस्क. व्हर्च्युअलायझेशनच्या कन्सोलमधून आकार वाढवल्यावर लिनक्सला तो आपोआप कळेलच असे नाही. त्या डिस्कच्या ‘रिस्कॅन’ फाइलमध्ये १ हा अंक लिहिला की कर्नल आकार पुन्हा वाचतो. त्यासाठी रीबूटची गरज नसते. सर्व्हरला सारख्या आकाराच्या दोन डिस्क असतील तर कन्सोलमधील क्रमांकावरून नव्हे, सीरियलवरून ओळख पटवा.

आ) पार्टिशन. पूर्ण डिस्क थेट एलव्हीएमला दिलेली असेल तर ही पायरी नाही. पार्टिशन असेल तर ‘ग्रोपार्ट’ वापरा. या कमांडमध्ये डिस्कचे नाव आणि पार्टिशनचा अंक यांच्यामध्ये मोकळी जागा सोडायची असते. नवखे हमखास येथे अडतात. पार्टिशन डिस्कवर शेवटचे असले पाहिजे. जुन्या सर्व्हरवर त्याच्या मागे स्वॅपचे (मेमरी अपुरी पडली की वापरायचे) पार्टिशन बसलेले असते आणि मग वाढायला वाट नसते. अशा वेळी पार्टिशनची उलथापालथ करू नका. नवी डिस्क जोडून ती त्याच व्हॉल्यूम ग्रुपमध्ये घ्या.

इ) फिजिकल व्हॉल्यूम. अस्तित्वात असलेल्या व्हॉल्यूमसाठी ‘पीव्हीरिसाइज’, नव्या कोऱ्या डिस्कसाठी ‘पीव्हीक्रिएट’ आणि त्यानंतर ‘व्हीजीएक्स्टेंड’. या दोन वाटांची गल्लत करू नका. ‘पीव्हीक्रिएट’ने डिस्कवर आधीची खूण सापडल्याचा इशारा दिला, तर ‘वाय’ दाबण्याआधी हात थांबवा; बहुधा तुम्ही चुकीच्या डिस्कवर आहात.

ई) लॉजिकल व्हॉल्यूम आणि फाइल सिस्टम. ‘एलव्हीएक्स्टेंड’ला ‘आर’ हा पर्याय दिला की ती फाइल सिस्टमही बरोबरच वाढवते. आकार देताना अंकाआधी अधिकचे चिन्ह आहे ना ते पाहा. चिन्ह असेल तर तेवढी भर पडते, नसेल तर तो एकूण आकार समजला जातो. ‘एलव्हीएक्स्टेंड’ लहान आकार नाकारते, पण तिची बहीण ‘एलव्हीरिसाइज’ एकदा विचारून व्हॉल्यूम लहानही करू शकते, म्हणून मी ती वापरतच नाही. ‘आर’ न देता काम केले असेल तर ईएक्सटी४ साठी ‘रिसाइज२एफएस’ला व्हॉल्यूमचे नाव द्यावे लागते, तर ‘एक्सएफएस_ग्रोएफएस’ला माउंटचा मार्ग. दोन्ही फाइल सिस्टम माउंट असतानाच वाढतात.

व्हॉल्यूम ग्रुपमधली सगळी जागा एकदम देऊन टाकू नका. आम्ही दहा टक्के मागे ठेवतो. पुढच्या अडचणीच्या रात्री कोणाच्याही मंजुरीवाचून वापरता येणारी तेवढीच जागा असते.

क्लाउडवर असाल तर पहिली पायरी कन्सोलमध्ये किंवा आज्ञेने होते. अॅमेझॉनचा मुंबई विभाग २०१६ पासून आहे. मात्र वरच्या पार्टिशनच्या आणि फाइल सिस्टमच्या पायऱ्या तेथेही तुमच्याच असतात. आकाराबरोबर वेगही पाहा : ईबीएसच्या जीपी२ प्रकारात आकार वाढला की वेग वाढतो, जीपी३ मध्ये मुळातच ३००० आयओपीएस (सेकंदाला होणाऱ्या वाचन-लेखनाच्या क्रिया) मिळतात आणि त्यापुढचे वेगळे विकत घ्यावे लागतात. पेमेंटसंबंधी डेटा असेल तर बॅकअपची प्रत कोणत्या विभागात जाते ते तपासा. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०१८ च्या परिपत्रकानुसार तो भारतातच साठवावा लागतो.

६. नव्या डिस्कवर डेटा हलवायचा असेल तर

हा मार्ग डाउनटाइम मागतो. डेटाबेस चालू असतानाच ‘आरसिंक’ या फाइल्सची प्रत करणाऱ्या कमांडने एक फेरी करून घ्या, मग डेटाबेस बंद करून दुसरी, छोटी फेरी करा, बंद राहण्याचा वेळ बराच कमी होतो. पहिल्या फेरीतील प्रत अर्धवट असते, ती कधीही बॅकअप म्हणून ठेवू नका. मालकी पोस्टग्रेस वापरकर्त्याची आणि परवानगी ०७०० (फक्त मालकाला प्रवेश) आहे याची खात्री करा, आणि एसईलिनक्स ही लिनक्समधील सुरक्षा व्यवस्था चालू असेल तर त्याच्या खुणाही नव्या जागी लावून घ्या.

डेटा थेट माउंटच्या मुळाशी न ठेवता त्याच्या आतल्या डिरेक्टरीत ठेवा. एखाद्या रीबूटमध्ये डिस्क माउंट झाली नाही, तर ती डिरेक्टरी सापडत नाही आणि डेटाबेस सुरू होण्याचे नाकारतो; तो रिकाम्या जागेवर नव्याने उभा राहण्यापेक्षा हे बरे. ‘एफएसटॅब’मध्ये (सुरू होताना काय माउंट करायचे ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) डिस्कचे नाव न लिहिता यूयूआयडी (फाइल सिस्टमचा ओळख क्रमांक) लिहा, कारण डिस्कची नावे रीबूटनंतर बदलू शकतात.

फक्त काही टेबले हलवायची म्हणून टेबलस्पेस (टेबले ठेवण्याची वेगळी जागा) करणार असाल, तर ती तात्पुरत्या किंवा बॅकअप नसलेल्या डिस्कवर करू नका. तो भाग हरवला तर हानी त्या टेबलांपुरती राहीलच असे नाही. पूर्ण डेटाबेस सुरू व्हायला अडू शकतो.

७. तपासणी आणि त्यानंतरची व्यवस्था

‘डीएफ’चा नवा आकडा छापील प्रतीशेजारी लिहा. मग डेटाबेसमध्ये एक चाचणीची नोंद घालून वाचा, रेप्लिकेशन चालू आहे ते पाहा आणि त्याच रात्री नवा बॅकअप घ्या. आकार वाढल्यामुळे बॅकअपची जागा अपुरी पडते हे अनेकांना पुढच्या आठवड्यात कळते. ‘एफएसटॅब’ बदलला असेल तर शक्य तेव्हा ठरवून एक रीबूट कराच. तुम्ही जागे असताना झालेला रीबूट तुम्ही झोपलेले असताना होणाऱ्या रीबूटपेक्षा स्वस्त पडतो.

ईएक्सटी४ मध्ये पाच टक्के जागा रूटसाठी (सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्यासाठी) राखीव असते, म्हणून एक टीबीच्या डिस्कवर सुमारे पन्नास जीबी शिल्लक असतानाही पोस्टग्रेसला डिस्क भरलेली दिसू शकते. केवळ डेटासाठी असलेल्या डिस्कवर हे प्रमाण ‘ट्यून२एफएस’ने एक टक्क्यावर आणण्यास हरकत नसते.

इशारे दोन पातळ्यांवर लावा : सत्तर टक्क्यांना ईमेल, पंच्याऐंशीला फोन. ‘पीजी_वॉल’च्या आकारावर वेगळा इशारा हवा, कारण तो तासाभरात फुगू शकतो आणि टक्केवारीच्या इशाऱ्याला तोपर्यंत उशीर झालेला असतो. डेटाच्या डिस्कवर खरोखर दोन जीबी जागा व्यापणारी एक निरुपयोगी फाइलही तयार करून ठेवा, तिच्या नावातच ‘अडचणीत पुसा’ असे लिहा. डिस्क पूर्ण भरली तर ती पुसून डेटाबेस सुरू करण्यापुरती जागा मिळते. आमच्याकडे ती एकदा वापरावी लागली; त्यानंतर ती पुन्हा तयार करायची राहून गेली होती, हे सहा महिन्यांनी लक्षात आले, म्हणून आता ते काम चेंज रिक्वेस्टच्या अर्जातच शेवटची ओळ म्हणून छापलेले आहे.